बायपास झाली म्हणून माणसाला खुर्चीत बसवून ठेवायचं नाही

पत्र: ताई, मिस्टर 68 वर्षांचे आहेत, तीन महिन्यांपूर्वी बायपास झाली. आधी रोज पहाटे अजिंक्यताऱ्यावर जायचे, आता गॅलरीत यायचं म्हटलं तरी "टाके तुटतील" म्हणतात. डॉक्टर म्हणतात चाला. मुलगा पुण्याहून फोन करतो की बाबांना जास्त हलू देऊ नको, त्यानेच पल्स दाखवणारं घड्याळ पाठवलंय, ते बघून तर धडकीच भरते. रात्री मी उठून यांचा श्वास चालू आहे ना ते बघते. बेडही वेगळे केलेत. यांना चालायला कसं लावू? – एक वाचक, सातारा

ताई, पत्र वाचून मला तुमच्या मिस्टरांइतकीच तुमचीही काळजी वाटली. घरात घाबरलेली माणसं तीन आहेत, ते, तुम्ही आणि मुलगा, आणि तिघंही प्रेमापोटी एकमेकांची भीती वाढवताय.

टाक्यांचं आधी बघू. बायपासला छातीचं मधलं हाड कापतात आणि नंतर स्टीलच्या तारांनी बांधतात, ते जुळायला साधारण 8 ते 12 आठवडे लागतात. म्हणून तेवढे दिवस वजन उचलू नका, हातावर जोर देऊन उठू नका असं सांगतात. तुमचे तीन महिने झालेत. सर्जनना एकदा दाखवा आणि हाड जुळलंय हे त्यांनी मिस्टरांच्या तोंडावर सांगू दे, तुम्ही शंभरदा सांगून जे होणार नाही ते त्या एका वाक्याने होईल. खोकताना हाड कट्कट वाजत असेल किंवा जखम लाल, ओली दिसत असेल तर मात्र थांबू नका, लगेच जा.

आता बसून राहण्याचं. या वयात पायातली ताकद फार पटकन जाते, महिना-दोन महिने खुर्चीत काढले की बाथरूमला जाऊन आलं तरी दम लागतो आणि माणसाला वाटतं हार्टच कमजोर झालंय, मग तो अजून कमी हलतो. सगळा दम हार्टचाच असतो असं नाही, पुष्कळदा पायातली ताकद गेलेली असते. (पाय सुजले, दोन-तीन दिवसांत वजन दोनेक किलो वाढलं किंवा आडवं पडल्यावर दम लागला तर ती वेगळी गोष्ट, त्याला डॉक्टरच.)

भीतीसाठी मला एक उपाय फार पटतो. 1985 साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांचा एक अभ्यास आला होता, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्या नवऱ्यांची ट्रेडमिल टेस्ट होती. काही बायकांना नुसतं बघायला बसवलं आणि काहींना बघून झाल्यावर स्वतः तीन मिनिटं ट्रेडमिलवर चालायला लावलं. ज्या स्वतः चालल्या त्यांचा नवऱ्याच्या तब्येतीवरचा विश्वास सगळ्यात जास्त वाढला, कारण हा माणूस केवढं झेपवतोय ते त्यांना स्वतःच्या पायांनी कळलं. तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, स्ट्रेस टेस्ट किंवा सहा मिनिटं चालण्याची टेस्ट करता येईल का, कार्डिॲक रिहॅबचा, म्हणजे हार्टच्या पेशंटकडून व्यायाम करून घेणारा, फिजिओ मिळेल का. टेस्टला तुम्ही जा, मुलालाही सुट्टी काढून यायला सांगा, आणि जमलं तर दोघंही चालून बघा.

डॉक्टर हो म्हणाले की सपाट जागेवर पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा-तीनदा, आणि हळूहळू वाढवत न्यायचं. साताऱ्यात चढ-उतारच जास्त, म्हणून सुरुवातीला जागा निवडून जा, किल्ला सध्या राहू दे. जेवल्याजेवल्या नको, थंडीत ऊन पडल्यावर. चालताना तुमच्याशी बोलता आलं पाहिजे, वाक्य तुटायला लागलं की वेग कमी करा. घड्याळाच्या आकड्यावर जाऊ नका, बायपासनंतर पल्स कमी ठेवणारी गोळी बहुतेकांना चालू असते, ती असेल तर नेहमीचे हिशोब लागू पडत नाहीत. घरी खुर्ची भिंतीला टेकवून हात न लावता उठा-बसायला लावा, पाचदा, उठताना श्वास सोडत. श्वास रोखून जोर लावायचा नाही, कुंभक आणि शीर्षासन तर नकोच.

छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, गार घाम, चक्कर यातलं काहीही झालं तर जिथल्या तिथे बसायचं, डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट ही छातीतल्या दुखण्यावरची गोळी दिली असेल तर बसूनच जिभेखाली ठेवायची, आणि पाच मिनिटांत आराम नाही पडला तर 108. गोळी खिशात पाहिजे, घरी कपाटात ठेवून उपयोग नाही. दिलेलीच नसेल तर वाट बघत बसू नका, लगेच 108.

मिस्टर दिवसभर गप्प असतील, झोप-जेवण गेलं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, हार्टच्या आजारानंतर डिप्रेशन बऱ्याच जणांना येतं आणि त्याच्यावर औषध आहे.

आणि बेडचं तुम्ही एकाच ओळीत लिहिलंत, पण मला वाटतं विचारायचं तेच होतं. एकत्र झोपायला काहीच हरकत नाही. बाकीच्या जवळिकीसाठी डॉक्टर सहसा एवढंच बघतात की दोन जिने छातीत न दुखता, फार दम न लागता चढता येतात का. विचारायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, त्यांना रोज हे प्रश्न येतात. फक्त जवळिकीसाठीची कुठलीही गोळी मेडिकलमधून मनाने आणू नका, सॉर्बिट्रेटसोबत ती घेतली तर बीपी एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं.