बाळ हात हलवत नाही: कोपराच्या दुखापतीविषयी तुमचे प्रश्न

प्रश्न (होटगी रोड, सोलापूर): बाळ पायाळू जन्मलं, आज पाचवा दिवस. उजवा हात हलवत नाही, झबलं घालताना किंचाळतं. एक डॉक्टर म्हणाले कोपर निखळलंय, दुसरे म्हणतात मोडलंय.

दुसऱ्या डॉक्टरांचं खरं असण्याची शक्यता फार जास्त. जन्मतः दंडाच्या हाडाचं कोपराकडचं टोक सगळं कूर्चेचं, म्हणजे मऊ, लवचीक हाडाचं असतं आणि कूर्चा एक्स-रेत दिसतच नाही. हे टोक वाढीच्या थरातून (हाड जिथून लांबीला वाढतं, तिथून) सुटून बहुधा मागे आणि आतल्या बाजूला सरकतं. फिल्मवर मात्र दंडापासून बाजूला गेलेली खालची दोन हाडं तेवढी दिसतात आणि सांधा निखळल्यासारखा वाटतो. एवढ्या लहान बाळाचा सांधा खरोखर निखळणं अतिशय दुर्मीळ, कारण सांध्याच्या बंधांपेक्षा वाढीचा थर आधी हार मानतो. सोनोग्राफीत कूर्चा दिसते आणि भूलही लागत नाही. ती आजच करून घ्या. निखळलंय म्हणून कुणाला हात ओढू देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती.

प्रश्न (बार्शी): नस दुखावली की हाड, कसं ओळखायचं?

नस दुखावली असेल तर हात लुळा असतो, पण कोपर हलवल्यावर बाळ सहसा कळवळत नाही. मोडलं असेल तर सूज असते, हात लावताच रडतं. दोन्ही एकदमही असू शकतं. सांध्यात पू झाला तरी असंच दिसतं, आणि नवजात बाळाला ताप येईलच असं नाही. दूध तोडलं असेल तर त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न (मोहोळ): ऑपरेशन लागेल का?

तुकडा सरकला नसेल तर कोपर वाकवून दोन-तीन आठवडे पट्टी पुरते. सरकला असेल तर भूल देऊन जागेवर बसवतात, पुन्हा घसरू नये म्हणून अनेकदा बारीक तारा घालतात. या वयात हाड फार लवकर जुळतं, सात ते दहा दिवसांत नवं हाड दिसू लागतं. म्हणून उशिरा कळलं तर जोर लावून बसवत नाहीत. वाढीचा थर दुखावेल. कोपर आत वळलंच, तर मोठेपणी शस्त्रक्रियेने सरळ करता येतं.

प्रश्न (अक्कलकोट): सासूबाई म्हणतात, तेल लावून चोळलं की हात मोकळा होईल.

त्या हाताला माळीश अजिबात नको, बाकी अंगाला हलक्या हाताने चालेल. पट्टी असेपर्यंत टबात न्हाऊ न घालता अंग पुसून घ्या. आपल्या सोलापूरच्या उन्हाळ्यात पट्टीखाली घामोळं लवकर येतं. बोटं निळसर, गार किंवा फुगलेली दिसली तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठा.