लाटेच्या आत उजेड येतो कुठून?

प्रश्न: ताई, मी वडोद्याची, ऑइल पेंटिंग शिकतेय. रशियन चित्रकार आयवाझोव्स्कीचं 'नववी लाट' हे समुद्राचं चित्र मोबाइलवर बघून कॉपी करायला घेतलंय, पण लाटेतला तो हिरवा उजेड काही केल्या येत नाही, पांढरा मिसळला की रंग खडूसारखा होतो. शिवाय आम्ही सुरतजवळच्या डुमसला गेलो तेव्हा समुद्र नुसता मातकट, मग हा उजेड चित्रकाराने मनानेच घातलाय का?
– एक वाचक, दांडिया बाजार

उत्तर: नाही हो, उजेड खराच आहे, डुमसला दिसत नाही एवढंच. खंभातच्या आखातात तापी, नर्मदा, मही गाळ आणून टाकतात आणि भरती-ओहोटीचा जोर इतका की तो खाली बसतच नाही, मग ऊन पाण्यात शिरणार कसं? आयवाझोव्स्की (1817–1900) काळ्या समुद्राकाठच्या फिओडोसियाचा, तिथलं पाणी निवळशंख. सूर्य लाटेच्या मागे खाली आला की ऊन लाटेच्या पातळ कडेतून आरपार येतं, पाणी तांबडा रंग आधी गिळतं आणि आपल्यापर्यंत पोचतो तो हिरवा. बुडाशी लाट जाड, म्हणून तिथे काळोख. 1850 च्या त्या चित्रात हिरवा किती थोड्या जागेत आहे ते बघा, भोवतीच्या अंधारामुळेच तो पेटल्यासारखा दिसतो.

आता खडूचं. टायटॅनियम व्हाइट अपारदर्शक असतो, तो हिरव्यात मिसळला की उजेड वरच्यावरच परततो, आत शिरतच नाही. म्हणून पांढरा खाली ठेवा. लाटेची कड आधी जवळजवळ पांढरी रंगवा, वाळू द्या, मग व्हिरिडियन हा पारदर्शक हिरवा लिन्सीड ऑइलमध्ये अगदी पातळ करून वरून फिरवा, म्हणजे उजेड हिरव्यातून खाली जाऊन पांढऱ्यावर आपटून परत येतो, खऱ्या लाटेत होतं तसंच काहीसं. इंग्लंडमध्ये टर्नर या चित्रकारानेही पांढऱ्या अस्तरावर (कॅनव्हासवरच्या पहिल्या थरावर) काम केलं, तेव्हा तपकिरी अस्तराची पद्धत होती आणि या पांढरेपणावरून त्याला बोलणी खावी लागली. मला तर त्याचं हे धाडस फार मोठं वाटतं.

आणि मोबाइल बाजूला ठेवा, प्लीज! स्क्रीन स्वतःच उजळते, तिच्याशेजारी कुठलाही कॅनव्हास मंदच दिसणार, त्यापेक्षा चांगली प्रिंट काढून घ्या. पहिला पांढरा थर पुरता वाळल्याशिवाय ग्लेझ, म्हणजे तो पातळ हिरवा थर, लावू नका, पावसाळ्यात जरा जास्तच थांबा, नाहीतर खालचा पांढरा उचलला जातो आणि पुन्हा तोच खडू.