ऑफिसातून आल्यावर काहीच करावंसं वाटत नाही, हा आळस की बर्नआउट?

तुम्ही लिहिलंय की हिंजवडीहून साडेसातला घरी पोचता, बूटही न काढता सोफ्यावर बसता आणि मोबाइल चाळता चाळता नऊ वाजतात. आठवड्यात तीन रात्री अमेरिकेचे कॉल. गिटार, व्यायाम सगळं सुटलंय.

नुसत्या संध्याकाळवरून निदान करू नका. दिवसभर डोकं चालवल्यावर मरगळ येणारच. बघायची ती सोमवारची सकाळ. दोन दिवस नीट झोप झाली आणि सोमवारी हुशारी वाटली, तर तो साधा थकवा. पण रविवारी चार-पाच वाजल्यापासूनच पोटात गोळा येत असेल आणि सोमवारी उठतानाच अंग पिळून काढल्यासारखं वाटत असेल, तर मी बर्नआउटचा विचार करेन.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात (लागू १ जानेवारी २०२२ पासून) बर्नआउट हा आजार नाही, कामाशी निगडित अवस्था आहे. खुणा तीन: शक्ती संपणं, कामाबद्दल तुटलेपणा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना. पहिली सगळ्यांना कळते, दुसरी निसटते. मीटिंगमध्ये मुद्द्यासाठी भांडणारा माणूस 'चालू द्या' म्हणायला लागतो, आणि घरच्यांना वाटतं की स्वभाव शांत झाला! एकच मेल तीनदा वाचूनही डोक्यात शिरत नाही, ही आणखी एक खूण.

सुट्टीत, आवडत्या माणसांतही आनंद होत नसेल, झोप-भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललं असेल, तर नैराश्य असू शकतं, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटलं तर वाट न पाहता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास. शिवाय फॅमिली डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. शाकाहारी असाल तर बी-१२ नक्कीच. थायरॉइड मंदावलेलं असताना 'मोटिव्हेशन'चे व्हिडिओ बघून काय होणार?

आता दोन आठवडे वहीत रोज चार गोष्टी लिहा: झोपेची वेळ, सकाळची ताकद दहापैकी किती, दिवसातलं सर्वांत पिळणारं काम, आणि संध्याकाळी काय केलं. साधारण दहाव्या दिवशी दिसायला लागतं की बहुतेक वाईट सकाळी कॉलच्या रात्रीनंतरच्या आहेत, की एकाच माणसाबरोबरच्या मीटिंगनंतरच्या.

संध्याकाळसाठी दोनच बदल. लॅपटॉप मिटण्याआधी दहा मिनिटं राखा आणि अर्धवट राहिलेली कामं व उद्याचं पहिलं काम कागदावर उतरवा; नाहीतर ती रात्रभर डोक्यात घोळतात. घरी आल्यावर सोफा टाळा: बूट, हातपाय धुणं, कपडे बदलणं, मूठभर शेंगदाणे-गूळ, मग वीस मिनिटं चालणं. गिटार नंतर, तीही पाचच मिनिटं. एक तासाचा संकल्प केलात तर तिसऱ्या दिवशी मोडेल. सहाच्या चहातलं निम्मं कॅफिन अकराच्या सुमारासही अंगात असतं, म्हणून शेवटचा चहा चारच्या आत.

एवढ्याने बर्नआउट जाणार नाही. चार दिवस कोकणात जाऊनही जात नाही, कारण परत आल्यावर ढीग तोच असतो. कामाचा आकारच बदलावा लागतो. मॅनेजरला 'मला बर्नआउट झालाय' म्हणालात तर सहानुभूती मिळेल, कॉल तेवढेच राहतील. वही समोर ठेवून नेमकं मागा: 'तीन रात्रींऐवजी दोन करा, आणि कॉलच्या दुसऱ्या दिवशी मी अकराला लॉगिन करतो.' हे नोव्हेंबरच्या आत मागा; अमेरिकेतली घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे गेली की साडेआठचा कॉल साडेनऊवर जातो आणि मार्चपर्यंत तिथेच राहतो. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका. तोंडी ठरलेलं पुढच्या रिलीजच्या गडबडीत वाहून जातं.