वाळ्याच्या सुगंधाचे दोन सारखेच परफ्यूम: कोणता घ्यावा?

दोन्ही परफ्यूममध्ये आधी लिंबू-संत्र्याचा आणि मागाहून वाळ्याचा वास येत असल्याने निवड होत नाही, असे आपण विचारले आहे. दुकानातील कागदी पट्टीवर ती होणारही नाही, कारण फवारल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटे नाकाला जाणवतात ती लवकर उडून जाणारी लिंबूवर्गीय तेले, आणि दोन बाटल्या नेमक्या तेथेच सारख्या वाटतात. वाळ्याचा जड अंश त्वचेवर तासन्‌तास टिकतो, त्यामुळे खरा फरक उशिरा कळतो. कोल्हापुरात महाद्वार रोडवर खरेदीला गेलात की दोन्ही मनगटांवर एकेक फवारून रंकाळा तलावापर्यंत चालत जावे (भेळ मात्र वास घेऊन झाल्यावरच खावी). मी तसे केले तेव्हा दुकानात आवडलेला परफ्यूम तासाभरात साबणासारखा नुसता गोड उरला होता, तर दुसऱ्यातून पाणी मारलेल्या वाळ्याच्या पडद्याचा मातकट गारवा येत होता. अर्थातच मी दुसरा घेतला. तरीही दोन्ही सारखेच वाटले, तर स्वस्त तो निःशंकपणे घ्यावा. मात्र एक ‘ओ द टॉयलेट’ आणि दुसरा ‘ओ द परफ्यूम’ असेल, तर दुसऱ्यात सुगंधी अर्क सहसा जास्त असतो, हे किंमत ताडताना लक्षात घ्यावे.