आईच्या गुडघ्याला मायक्रोवेव्हमधल्या पिशवीचा शेक द्यावा का?

थंडीत आईचे गुडघे आखडतात, मायक्रोवेव्हमध्ये तापवायची धान्याची पिशवी आणावी का, ती रबरी पिशवीपेक्षा बरी का, असं तुम्ही विचारलंय. जरूर आणा, नाहीतर घरीच शिवा. पण आईंना शुगर असेल तर हे आधी वाचा.

आमच्या आत्यांना (सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो) शुगर जुनी आहे. दोन वर्षांमागं डिसेंबरात, सांगलीत नदीकडून गारठा सुटतो त्या दिवसांत, गुडघ्यासाठी केलेली पिशवी त्यांनी पावलांखाली घेतली. "तापलीच नाही गं, आणखी एक मिनिट लाव," म्हणाल्या. मी लावली. सकाळी मोजा काढला तर टाचेजवळ रुपयाएवढा फोड, पाण्यानं टच्च भरलेला. त्यांना पत्ताच नव्हता. शुगरमुळं पावलं बधिर झालेली, चटका लागला तो कळलाच नाही. जखम भरायला दीड महिना लागला. रोज ड्रेसिंग करताना मला ते एक मिनिट आठवायचं.

तेव्हापासून पिशवी किती तापली हे मी आत्यांना विचारत नाही. आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला धरून बघते. तिथं सुखानं धरवली तरच पंचात गुंडाळून त्यांच्या गुडघ्यावर, आणि पाचेक मिनिटांनी उचलून कातडी लालभडक झाली का ते पाहते. पावलांना शेक बंदच, तिथं लोकरी मोजे.

आता पिशवीचं. मांजरपाट किंवा जुन्या धोतराचं दुहेरी कापड घ्या, सुतीच. पॉलिस्टर वितळतं. चेन, हुक, प्रेस बटण, जरीची किनार यातलं काही नको, धातूची ठिणगी पडते. हातभर लांब, वीतभर रुंद शिवून आडव्या टिपा मारून तीन कप्पे करा, म्हणजे धान्य एका टोकाला गोळा होत नाही. गहू किंवा तांदूळ, साधारण पाऊण किलो. कप्पे ठासून भरू नका, पिशवी सैल असली तरच गुडघ्याभोवती नीट बसते. ज्वारी मात्र घालू नका. आपल्याकडं नागपंचमीला ज्वारीच्याच लाह्या फोडतात, जास्त तापली तर पिशवीतही तेच होईल.

मायक्रोवेव्हमध्ये तापतो तो मुख्यतः दाण्यातला ओलावा. म्हणून हा शेक थोडा दमट लागतो आणि तव्यावर तापवलेल्या फडक्यापेक्षा बरा वाटतो. पण दर वेळी थोडा ओलावा उडून जातो, आणि कोरडे पडलेले दाणे करपतात. धान्याच्या पिशव्यांनी पेट घेतल्याच्या घटना घडलेल्या आहेत. त्यामुळं शेजारी अर्धा कप पाणी ठेवा. एक मिनिट लावा, बाहेर काढून हलवा, मग लागलं तर तीस सेकंद. आत कुठं कुठं जास्त तापलेलं असतं, हलवल्याशिवाय अंगाला लावू नका. पूर्ण गार झाल्याखेरीज पुन्हा तापवायची नाही. तापलेली पिशवी गोधडीत गुंडाळून ठेवायची नाही, उष्णता आत कोंडते. करपल्याचा वास आला की धान्य टाकून द्या. एरवी गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर सोंडे होतात.

रबरी पिशवी जास्त वेळ गरम राहते, हे खरं. पण रबर जुनं झालं की चिरतं आणि उकळतं पाणी मांडीवर येतं. धान्याची पिशवी वीस मिनिटांत कोमट होते, आणि शेक तेवढाच हवा, पंधरा ते वीस मिनिटं. म्हाताऱ्या माणसाला शेकताशेकता झोप लागते, तेव्हा आपोआप गार होणारी वस्तूच बरी.

शेकानं रक्तपुरवठा वाढतो, स्नायू सैल होतात, आखडलेपणा जातो. झिजलेली कूर्चा (सांध्यात हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी) काही भरून येत नाही. म्हणून शेक झाल्याझाल्या, गुडघा मोकळा असतानाच, आत्या खुर्चीत बसून पाय सरळ करून पाच आकडे धरतात, दोन्ही पायांनी दहादहा वेळा. त्यांना चढण्या-उतरण्यात जो फरक पडला तो या दोन्हींनी मिळून.

गुडघा आधीच सुजलेला, लाल, गरम असेल तर शेक नको, डॉक्टरांना दाखवा. नुकताच मुरगळला असेल तर पहिले दोन दिवस बर्फ. आणि बाम चोळून वरून शेक, ही आपल्या घराघरांतली सवय सोडा, कातडी भाजते. रोज एकाच जागी कडक शेक घेतला तर तिथं जाळीसारखे तपकिरी डाग उठतात. तसे दिसले तर उष्णता कमी करा.

आज रात्री एवढं करा: आईंना डोळे मिटायला सांगून पावलांना ठिकठिकाणी कापसाचा बोळा हलकेच टेकवा आणि कुठं लागला ते विचारा. सांगता आलं नाही तर पावलांना शेक द्यायचा नाही, आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या कानावर हे नक्की घाला.