विमानं बंद, मग भाड्याची गाडी?

प्रश्न : ताई, आम्ही दुबईत राहतो. २३ जून २०२५ला इराणने कतारमधल्या अमेरिकन तळावर क्षेपणास्त्रं सोडली तेव्हा इकडची विमानं काही तास ठप्प झाली होती. परत तसं झालं तर रेंटल कार घेऊन मस्कत गाठायचं आणि तिथून मुंबई, जमेल का?

उत्तर : जमतं हो, पण गाडी मिळाली म्हणजे झालं असं नाही. ओमानच्या सीमेजवळच्या हत्ता गावामार्गे साधारण साडेचारशे किलोमीटर, रस्ता झकास, अडतं ते बॉर्डरवर. रेंटल कंपनीचं ना हरकत पत्र लागतं आणि ओमानमध्ये चालणारा इन्शुरन्स, काउंटरवरचा पोरगा "आहे की सगळं त्यात" म्हणाला तरी ओमान हे नाव छापलेलं स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. व्हिसाचंही आधीच बघा, सगळ्यांना एकच नियम नाहीये. खरी गोची पुढेच आहे, गाडी मस्कतला सोडून विमानात बसता येत नाही बहुतेक वेळा, ती दुबईलाच परत द्यावी लागते, म्हणजे परत आणणारा कुणीतरी सोबत हवा आणि त्याचंही नाव करारात ड्रायव्हर म्हणून टाकलेलं हवं. एकटे असाल तर सरळ बस पकडा, मी तरी तेच करेन. आणि निघायच्या आधी मस्कतची विमानं उडतायत ना, एवढं बघाच.