नायट्रोजनला पाच रेषा देऊ नकोस

तुझी अडचण वाचली. नायट्रेटच्या (NO₃⁻) लुईस आकृतीत, म्हणजे बंध रेषांनी आणि बाहेरच्या कवचातले बाकीचे इलेक्ट्रॉन ठिपक्यांनी दाखवतात त्या आकृतीत, इलेक्ट्रॉन बरोबर २४ भरतात, क्लासच्या नोट्समध्येही तशीच आकृती आहे, तरी कॉलेजच्या चाचणीत मार्क शून्य. दिंडोरीहून रोजचं अपडाऊन आणि वर हा ताप. तू अकरावीत आहेस म्हणून एकेरीत लिहिते. मी पिंपळगावहून एसटीने यायचे, आणि माझ्या क्लासच्या नोट्समध्ये हीच आकृती छापलेली होती: मध्ये नायट्रोजन, दोन ऑक्सिजनशी दोन-दोन रेषा, तिसऱ्याशी एक.

आधीच सांगते, मी शिक्षिका नाही. सातपूरच्या एका कंपनीत लॅबमध्ये काम करते. पण या विषयात मी फार भरडले गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मोजणी तुला येते, ती परत सांगत नाही. नायट्रोजनचे ५ + तीन ऑक्सिजनचे १८, आणि ऋण आयन म्हणून आणखी १, असे २४. (अमोनियममध्ये उलट, ५ + ४ − १ = ८. तिथे लोक एक मिळवून बसतात.) गडबड पुढे आहे. एक रेघ म्हणजे दोन इलेक्ट्रॉन, तर पाच रेषा म्हणजे नायट्रोजनभोवती १० इलेक्ट्रॉन झाले. नायट्रोजन दुसऱ्या आवर्तातला. त्याच्या बाहेरच्या कवचात एक एस आणि तीन पी असे चारच कक्षक (इलेक्ट्रॉनच्या जागा), प्रत्येकात दोन. आठाच्या वर जागाच नाही. एकूण बेरीज जुळली तरी प्रत्येक अणूभोवती किती झाले हे वेगळं मोजावंच लागतं.

ही आकृती येते कुठून तेही सांगते. आमच्या नोट्सचा नियम होता: गण बघून ठरलेले ‘हात’ द्या (कार्बनला चार, नायट्रोजनला पाच, ऑक्सिजनला दोन), हाताला हात जोडा. मिथेनला हे चालतं, कार्बन डायऑक्साइडलाही चालतं, म्हणून मुलांचा विश्वास बसतो. कार्बन मोनॉक्साइडला गाडी अडते. कार्बनचे चार हात, ऑक्सिजनचे दोन, मग उरलेल्या दोन हातांचं काय करायचं? आमच्या नोट्समध्ये त्यापुढे लिहिलं होतं, ‘अपवाद, पाठ करा’. ओझोनपुढेही तेच.

मी ते पान घेऊन शंका विचारायच्या काउंटरवर गेले. उत्तर मिळालं, छापलंय तेच लिहा, सगळी बॅच तेच लिहिते. सरांना भेटू द्या म्हटलं तर सर दुसऱ्या शाखेत. बॅच बदलून घेतली, तिथेही तेच पान. फी परत मागितली तर पावतीच्या मागचा बारीक मजकूर दाखवला. पैशांपेक्षा मोठं नुकसान पुढे झालं. रेणूंचे आकार, संकरण, बारावीच्या सेंद्रिय अभिक्रियांमधले बाण, सगळं लोन पेअर (बंधात नसलेली इलेक्ट्रॉनची जोडी) कुठे आहे यावर उभं असतं, आणि आमच्या आकृत्यांत लोन पेअर नसायचेच. मराठी माध्यमातून आलेल्या मुलींना वाटायचं, आपलं इंग्रजी कच्चं म्हणून कळत नाही. इंग्रजीचा काही संबंध नव्हता, पान चुकीचं होतं. याचा राग मला आजही येतो.

तर ‘हात’ विसर. एकूण आकडा कोपऱ्यात लिहून चौकट कर. मग अणूंमध्ये फक्त एकेक रेघ, उरलेले इलेक्ट्रॉन आधी कडेच्या अणूंना, मधल्याला सगळ्यात शेवटी. मधला उपाशी राहिला, म्हणजे त्याच्याभोवती आठ झाले नाहीत, तरच शेजाऱ्याची जोडी बंधात ओढायची, आणि आठ झाले की हात आखडायचा.

नायट्रेट असं काढ. तीन रेघांत ६ गेले, उरले १८, तिन्ही ऑक्सिजनवर सहा-सहा. नायट्रोजनभोवती सहाच झाले. कुठल्याही एका ऑक्सिजनची एक जोडी आत घे. झाले आठ, थांब. आता फॉर्मल चार्ज (अणूचे मूळचे बाहेरचे इलेक्ट्रॉन, वजा त्याच्या लोन पेअरमधले सगळे आणि बंधांतले निम्मे): नायट्रोजन +१, एकेरी बंधाचे दोन ऑक्सिजन −१ प्रत्येकी, तिसरा शून्य. बेरीज −१, म्हणजे आयनाचा प्रभार जुळला. दुहेरी बंध कुठल्या ऑक्सिजनला, याला उत्तर नाही. तिन्ही आकृत्या काढून मध्ये दुतोंडी बाण दे, यालाच रेझोनन्स म्हणतात. प्रत्यक्षात तिन्ही बंध सारख्याच लांबीचे असतात.

कार्बन मोनॉक्साइडही याच रीतीने सुटतो, पाठांतर नको. एकूण १०. एक रेघ, ऑक्सिजनला सहा, कार्बनला उरलेले दोन. कार्बनभोवती चारच, म्हणून ऑक्सिजनच्या दोन जोड्या आत. तिहेरी बंध, दोघांवर एकेक लोन पेअर. फॉर्मल चार्ज कार्बनवर −१, ऑक्सिजनवर +१. हे बघून मुलं घाबरून खोडतात. खोडू नकोस. या रेणूचा द्विध्रुव आघूर्ण (दोन टोकांवर प्रभार किती विभागला आहे याचं माप) जेमतेम ०.१ डिबाय आहे, आणि त्यातलं किंचित ऋण टोक खरंच कार्बनचं आहे.

जाता जाता, दहावीत एका अणूला ठिपके आणि दुसऱ्याला फुल्या काढायचो, ते आता सोड. लुईसने १९१६ मध्ये मांडलं ते हेच, की बंधातली जोडी दोघांची सामाईक असते. इलेक्ट्रॉन कुणाच्या घरून आला हे बघत बसलं की आयनात हमखास घोळ होतो.

फॉस्फरस पेंटाक्लोराइडमध्ये पाच रेषा चालतात, एकूण ४०, कारण फॉस्फरस तिसऱ्या आवर्तातला आणि तिथल्या अणूंभोवती आठाच्या वरही दाखवतात. नोट्स काढणाऱ्याने बहुतेक तिथलंच नायट्रोजनला चिकटवलं असावं. नायट्रिक ऑक्साइडचे ११ येतात, तिथे एक इलेक्ट्रॉन एकटा राहणारच, मोजणी चुकली असं समजू नकोस.

सरावाला सल्फर डायऑक्साइड घे. निर्यातीच्या द्राक्षपेटीत बुरशी लागू नये म्हणून जो कागद ठेवतात, त्यातून ओलाव्याने सुटतो तोच वायू. एकूण १८. गंधकावर एक लोन पेअर उरला पाहिजे. त्यामुळेच रेणू वाकलेला असतो, कोन साधारण ११९ अंश. एक दुहेरी बंध काढायचा की दोन, यावर पुस्तकांत मतभेद दिसतील. गंधक तिसऱ्या आवर्तातला असल्याने दोन्ही सापडतात. मला स्वतःला एक दुहेरी आणि एक एकेरी, रेझोनन्ससह, हेच पटतं, पण पेपरात तुझ्या पाठ्यपुस्तकात असेल तेच काढ.